ॲटिट्यूड : अजिबात नाही

शिकाऊ सपना वरठा कंपनीत कायम झाली, तर रामकिसन शिराळेचा फायदा तीन ठिकाणी होता. एक म्हणजे, पॅकिंगच्या दोन नंबर मशीनकडे पाठ करून त्याला निवांत चहा पिता आला असता. सत्तावीस वर्षांत हे सुख त्याला लाभलं नव्हतं, कारण पाठ फिरली की मागे कोणीतरी फॉइल उलटी लावून ठेवायचंच. दुसरं म्हणजे, दिवाळीला दहा दिवस परभणीकडे जाऊन फोन बंद ठेवता आला असता. तिसरा फायदा जरा नाजूक होता. मेहुण्यांसमोर पाय लांब करून बसताना ‘एक पोरगी घडवली मी’ असं सहज म्हणता आलं असतं. पन्नाशीच्या माणसाला घडवलेलं असं काहीतरी दाखवायला लागतं. बोईसरजवळच्या सरावलीतला फ्लॅट बँकेनं घडवला होता, लेक तिच्या आईनं. रामकिसनच्या हातून इतकी वर्षं नुसत्या गोळ्यांच्या स्ट्रिपाच बाहेर पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर नाव दुसऱ्याचं असतं.

सपनाचा फायदा एकच होता, पण या तिन्हींपेक्षा जड. ती नागझरीच्या पुढल्या डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची. घरी दोघीच. पावसावरचं भात दिवाळीपर्यंत पुरायचं, मग मुकादमाचा टेम्पो यायचा आणि तिची आई लाडकी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडाशी परत. सपनाला कायमचं पत्र मिळालं की यंदा लाडकी टेम्पोत चढणार नव्हती. हे सपनानं त्याला फॉइलचा रोल बदलता बदलता सांगितलं होतं. “आयेला बोललीय मी सर, यंदा तू घरी ऱ्हा.” मग रोलचं टोक चाकात अडकवून तिनं लगेच विचारलं होतं, “ही पट्टी जरा सैल नाय वाटत?” पट्टी खरंच सैल होती. रामकिसनला आईचं वाक्य नंतर, जेवताना आठवलं होतं.

मंगळवारी दुपारी हात धुवायच्या नळापाशी ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. डोक्यावरची जाळीची टोपी तिनं काढून मुठीत धरली होती. चेहऱ्यावर अर्धवट हसू होतं, म्हणजे हसायचं की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं.

“सर, तुमी माझं काय लिवलं फॉर्मवर?”

“चांगलंच लिहिलंय की. का?”

“मॅडमनी बोलावलेलं. त्या बोलल्या, तुझ्या सरांनीच लिहिलंय, ॲटिट्यूड अजिबात नाही. मी बोलली, मग बेस हाय ना. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.”

“मग?”

“मग बोलल्या, बेस कसं? त्याच्यामुळंच तर अडलंय.”

“काय अडलंय?”

“माझं,” सपना म्हणाली, आणि नळ बंद केला. तिचा नव्हे, त्याचा. तो हात धुवून झाल्यावरही पाण्याकडे बघत उभा होता.

रामकिसनला पहिल्यांदा वाटलं, मॅडमच्या वाचण्यात चूक झाली. मग वाटलं, त्याचं अक्षर. पण अक्षर तर त्यानं मुद्दाम सुवाच्य काढलं होतं. फॉर्म घरी नेला होता, जेवणाच्या टेबलावर खाली वर्तमानपत्र घालून, चष्मा पुसून, लेकीचं निळं पेन मागून घेतलं होतं. फॉर्म इंग्रजी होता, पण पर्सोनेलच्या मॅडम, प्रियदर्शिनी मॅडम, म्हणाल्या होत्या, शिराळे सर, मराठीत लिहिलंत तरी चालेल, मनापासून लिहा. सहा रकाने. वेळ पाळणं : कधी चुकली नाही, एसटी चुकली तर चालत आली. इतरांबरोबर काम : जमवून घेते. बोलणं : कमी, मुद्द्याचं. शिकण्याची आवड : सांगावं लागत नाही. स्वतःहून पुढाकार : इथे त्याचं पेन थोडं थांबलं होतं आणि मग त्यानं ‘ठीक’ असं लिहिलं होतं. आणि सहावा. सहाव्यापाशी तर त्याला भरून आलं होतं. इतकी हुशार पोर, आयटीआयची, हाताला इतकी चलाख, आणि वर बोलणं नाही, नाक उडवणं नाही, मोबाइल काढून भिंतीला टेकणं नाही. ‘ॲटिट्यूड : अजिबात नाही.’ ते वाक्य त्यानं दोनदा वाचून पाहिलं होतं. सहाही रकान्यांत तेच सगळ्यात देखणं उतरलं होतं.

त्याच टेबलावर, त्याच पेनानं, त्यानं दुसऱ्या शिकाऊचा, रूपेशचाही फॉर्म भरला होता. रूपेश किनाऱ्याकडल्या गावचा, केसांचा तुरा वर उभा केलेला, दर वाक्याला ‘येस सर’ म्हणणारा आणि नंतर ते काम दुसऱ्यावर ढकलणारा. मशीनवरचा उत्तर प्रदेशचा ऑपरेटर एकदा वैतागून म्हणाला होता, “शिराळे भाई, इस लौंडे में बहुत ॲटिट्यूड है.” ते मनात राहिलं होतं. रूपेशच्या सहाव्या रकान्यात रामकिसननं लिहिलं होतं : ‘भरपूर आहे. सगळ्यांना दिसतो.’ तक्रार होती ती. सभ्य भाषेतली, पण तक्रार. रूपेशचं कायमचं पत्र सोमवारीच निघालं, हे त्याला जेवणाच्या रांगेत कळलं होतं आणि तेव्हा तो मनात म्हणाला होता, कोणाचा तरी वशिला असणार. आता ताटातली डाळ ढवळताना त्याच्या लक्षात आलं, की तो वशिला बहुधा आपणच होतो.

शिफ्ट सुटली. कंपनीची बस कुंभवलीच्या नाक्यावर नेहमीप्रमाणे अडकली. पुढे टँकर, मागे टँकर, खिडकीतून तो ओळखीचा वास, ज्याला बोईसरचा माणूस वास म्हणत नाही, हवा म्हणतो. रामकिसन काचेला डोकं टेकून बसला होता आणि त्याच्या डोक्यात एकच शब्द चाकासारखा फिरत होता. शब्दाला पुढून धरलं तर मागून सुटत होता. ॲटिट्यूड असतो म्हणजे माणूस माजलेला असतो, हे काय त्यानं एकट्यानं ठरवलं होतं? सगळी सरावली असंच बोलते. रिक्षावाला सुटे देत नाही, त्याला ॲटिट्यूड. समोरच्या बिल्डिंगमधली बाई नमस्काराला नुसती मान हलवते, तिला ॲटिट्यूड. मग ज्याला तो नाही तो गुणी. यात चूक कुठे आहे? चूक नाही. पण सपनाचं अडलं आहे. म्हणजे चूक आहे. चूक नाही आणि आहे, हे दोन्ही एका बसमध्ये शेजारी शेजारी बसले होते आणि बस हलत नव्हती.

हे कंपन्यांना नक्की हवं असतं तरी काय? त्याला स्वतःला कशासाठी घेतलं होतं, हे त्याला अजून माहीत नव्हतं. गावाकडून आला तेव्हा बावीस वर्षांचा. एमआयडीसीतल्या एका फाटकाबाहेर सकाळी चौदा-पंधरा जण उभे होते. एक जाडा फोरमन बाहेर आला, त्यानं कोणाला शाळा विचारली नाही, गाव विचारलं नाही. प्रत्येकाच्या समोर उभं राहून एवढंच विचारलं, “जेवला का?” रामकिसननं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. तो म्हणाला, “व्हय, जेवलो.” शेजारचा, लातूरकडचा एक उंच पोरगा, खरं बोलला : “नाही साहेब.” फोरमननं त्याला आत नेऊन जेवू घातलं आणि बाहेर आणून सोडलं. रामकिसनला मात्र आत नेऊन कामाला लावलं. पुढे कित्येक वर्षं तो या कोड्याशी खेळत राहिला होता. फोरमनला खोटं बोलणारा हवा होता? की भूक झाकणारा? की नुसता पोटभर जेवलेला, म्हणजे दुपारी चक्कर येऊन पडणार नाही असा? त्या एका शब्दात फोरमननं त्याच्यात काय पाहिलं? त्याच्यात जे आहे असं वाटून तो फोरमन भुलला ते त्याच्यात नव्हतंच, तर मग सत्तावीस वर्षं पगार कोण घेत होतं? लातूरकडचा तो पोरगा जेवून बाहेर पडताना रामकिसनकडे बघून हसला होता. कीव करून की हेवा करून, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं चपला न काढताच लेकीला विचारलं. ज्ञानेश्वरी पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, सोफ्यावर पाय वर घेऊन फोनवर काहीतरी पुसत-पुढे ढकलत होती.

“ॲटिट्यूड म्हणजे काय गं?”

“कोणाचा?”

“कोणाचा नाही. एखाद्यात ॲटिट्यूड नसला, तर?”

“मग चांगलंय की पप्पा. गोड माणूस असेल.” मग तिनं फोन खाली केला. “थांबा थांबा. नोकरीच्या बाबतीत विचारताय का?”

“समज, नोकरीच्या.”

“मग वाईट. तो वेगळा.”

“दोन शब्द हायत का?”

“शब्द एकच. पण आपण म्हणतो तो वेगळा आणि ते म्हणतात तो वेगळा. कॉलेजात लेक्चर झालं ना आमचं, मुलाखतीचं. ते म्हणतात तो हवा, आपण म्हणतो तो नको.”

“आणि ते कोण?”

“ते म्हणजे ते, पप्पा. घेणारे.” ती हसली. “तुम्ही पण आता त्यांच्यातच ना? तुम्हीच फॉर्म भरता.”

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, “आधी चपला काढा म्हणावं. याला म्हणतात ॲटिट्यूड.”

चपला काढताना रामकिसनला एकाएकी तो हॉल आठवला. मार्चमध्ये कंपनीनं सगळ्या शिफ्ट इनचार्जना एक दिवस बसवलं होतं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, भिंतीवर चित्रं पडत होती. नवीन माणूस निवडताना काय बघायचं, असा विषय होता. बाईंनी एक डोंगर काढला होता, त्रिकोणी. खाली ज्ञान, मध्ये कौशल्य, आणि टोकावर, लाल अक्षरांत... लाल अक्षरांत काय होतं? त्याच वेळी समोसे आले होते. चिंचेच्या चटणीचा थेंब त्याच्या वहीवर पडला होता आणि तो अंगठ्यानं पुसण्यात थोडा वेळ गेला होता. पण कान तर चालूच होते. ‘कौशल्य शिकवता येतं हो, तो शिकवता येत नाही,’ असं बाई म्हणाल्या होत्या. हे त्याला स्पष्ट आठवत होतं. शिकवता येत नाही ते काय? लाल अक्षरांत तेच होतं. म्हणजे त्यानं तो शब्द चांगल्या अर्थानं ऐकला होता. कानानं ऐकला होता, अंगठा चटणीत होता. मग सहा महिन्यांनी पेन हातात घेतल्यावर कानाचं ऐकायचं की सरावलीचं, हे कोणी ठरवलं?

इथून पुढे त्याला ते आठवणं आवडेना. बुधवारी दिवसभर तो मशीनच्या आवाजात ते बुडवत राहिला आणि ते पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. नुसतं ‘नाही’ लिहिलं असतं तरी भागलं असतं. ‘अजिबात’ कशाला लिहिलं? पेन इतकं दाबून का धरलं होतं, की खालच्या वर्तमानपत्रावर अक्षरं उमटली? कौतुक करताना माणूस इतकं दाबतो का? आणि पाचव्या रकान्यात, स्वतःहून पुढाकार, त्याच्यापुढे ‘ठीक’. ठीक! या शब्दाला तर दोन अर्थ नव्हते. हा तर त्यानं पूर्ण शुद्धीवर लिहिला होता.

कारण जूनमध्ये एक गोष्ट घडली होती आणि ती आत्तापर्यंत मशीनमागच्या अडगळीसारखी त्यानं झाकून ठेवली होती. त्या दिवशी माल दुपारीच ट्रकवर चढायचा होता. दोन नंबर मशीन धडाधड चालू होतं, गोळ्या खळग्यांत पडत होत्या, वरून तापलेल्या रुळाखालून फॉइल चिकटत होती, स्ट्रिपा कापून ट्रेमध्ये पडत होत्या. सपना ट्रेपाशी बसून त्या निवडत होती. मध्येच तिनं मूठभर स्ट्रिपा कानाशी नेल्या आणि वाकवल्या. “सर, आवाज मऊ येतोय.” रामकिसन म्हणाला, “येऊ दे.” ती म्हणाली, “करकर नाय येत सर. फॉइल धरत नसंल.” तो म्हणाला, “सपना, ट्रक उभा आहे. चालू दे.” तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, उठली, दोन पावलं चालली आणि लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. इतक्या शांततेची सवय नसलेला अख्खा हॉल वळून बघायला लागला. रामकिसन तिला काय काय बोलला ते आता त्याला नीट आठवत नव्हतं. तिची आई, तिचा पाडा, यांच्यापैकी कोणाचा तरी उद्धार त्यात होता. मग रागारागानं त्यानं स्वतःच दहा स्ट्रिपा उचलून गळती तपासायच्या निळ्या पाण्याच्या भांड्यात बुडवल्या, हवा ओढून घेतली. बाहेर काढल्या तर दहापैकी सात स्ट्रिपांत निळं पाणी शिरलेलं. रूळ थंड पडला होता. कोणास ठाऊक किती वेळ.

तेवढ्यात प्लांटचे साहेब धावत आले. मशीन का बंद, म्हणाले. रामकिसननं निळ्या झालेल्या स्ट्रिपा त्यांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, “सील धरत नव्हतं साहेब. मशीन थांबवलं.” एवढंच. मराठी भाषा ही अशा वेळी मोठी दयाळू असते. थांबवलं. कोणी, ते सांगावं लागत नाही. साहेबांनी ते आपल्या मनानं पुरं केलं आणि त्याची पाठ थोपटली. जुलैमध्ये फाटकाजवळच्या बोर्डावर रामकिसनचा फोटो लागला, ‘महिन्याचा मानकरी’. सपना आत येताना बोर्डापाशी थांबली, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, “फोटो बेस आलाय सर.” त्या वाक्यात त्यानं तीन-चार दिवस टोचणी शोधली होती. सापडली नव्हती. तेव्हा तो सुटल्यासारखा झाला होता. आता त्याला वाटलं, सापडली असती तर बरं झालं असतं. ज्या माणसाला टोचता येत नाही त्याच्याशी हिशेब मिटवायचा कसा? मग त्यानं काय केलं? टोचणी न देणाऱ्या पोरीला त्यानं फॉर्मवर शाबासकी दिली. अजिबात नाही. शाबासकीच होती ती. की लाल बटणाचा सूड? दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून पाहिलं तरी फॉइलसारखी दोन्हीकडून सारखीच चकाकत होती.

कायम करायच्या उरलेल्यांची यादी शुक्रवारी पाचला मुंबईच्या ऑफिसात जायची होती. शुक्रवारी तीनला तो प्रियदर्शिनी मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. मॅडम सव्वीस-सत्तावीसच्या, नाशिककडच्या; मीटिंगमध्ये ‘सर’ म्हणायच्या आणि एकट्यात ‘काका’.

“बसा ना काका. काय झालं?”

“मॅडम, तो सहावा रकाना माझ्याकडून उलटा लिहिला गेला.” लिहिला गेला. हे पण तसंच वाक्य, त्याच्या ध्यानात आलं. “म्हणजे मी लिहिला. मला वाटलं ॲटिट्यूड म्हणजे माज.”

मॅडमनी ओठांवर हात ठेवला, आणि मग त्यांना हसू आवरेना. “सॉरी काका, सॉरी. म्हणजे ‘अजिबात नाही’ हे कौतुक?”

“कौतुक.”

त्यांनी हसतच फाइल ओढली आणि दुसरा फॉर्म काढला. “मग हे? ‘भरपूर आहे. सगळ्यांना दिसतो.’ हे रूपेशचं?”

“ती तक्रार होती.”

हसू थांबलं. “काका, त्याचं पत्र गेलं हो. मी तर वर शेरा मारलाय, शिफ्ट इनचार्जची खास शिफारस.” त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. “बरं. त्याचं आता राहू द्या. सपनाचा शब्द मी बदलते. पण बदलून काय लिहू? मुंबईवाले नुसत्या ‘उत्तम’वर सही करत नाहीत. एक उदाहरण द्या. तिनं स्वतःच्या मनानं, कोणी न सांगता केलेलं.”

रामकिसनकडे उदाहरण एकच होतं. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर फाटक, बोर्ड, आणि बोर्डावर ऑक्टोबरचा कोणी दुसराच मानकरी. मग तो बोलला. ट्रक, मऊ आवाज, लाल बटण, आपण काय म्हणालो, साहेबांना काय सांगितलं, काय सांगितलं नाही. बोलताना त्याला वाटत होतं की आता काहीतरी तुटणार आहे, आणि ते आपल्याच अंगावर पडणार आहे. आणि त्या भीतीत एक समाधानही होतं, की चला, एकदाचं पडू दे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काका, हे तुम्ही आता येऊन सांगितलंत, याला किती धाडस लागतं माहितीये? हे मी तुमच्या नावापुढे लिहिणार आहे.”

“माझ्या नको. तिच्या.”

“तिच्याबद्दलच विचार करतेय. तिनं मशीन थांबवलं, हे जबरदस्त आहे. पण काका, मग चार महिने ती बोलली का नाही? तुमचा फोटो लागला, सर्टिफिकेट मिळालं, ती गप्प. परवा मी तिला समोर बसवून विचारलं, तुझ्याबद्दल काही सांग. म्हणाली, नागझरीच्या पुढं राहते.”

“तिला कोणी ते विचारलं नाही.”

“तेच तर. कोणी न विचारता सांगायचं, यालाच तर...” त्या अडखळल्या. शब्द त्यांच्याही तोंडाशी येऊन थबकला होता. “मला खरंच कळत नाही काका. बटण दाबायला जे लागतं ते हिच्यात आहे. पण गप्प बसायला जे लागतं, ते मी कुठल्या रकान्यात घालू? मुंबईवाले विचारणार, एवढी चांगली होती तर शिफ्ट इनचार्जनं पुढाकारापुढे ‘ठीक’ का लिहिलं. पाचवा आणि सहावा रकाना एकमेकांशी जुळत नाहीत म्हणणार.” त्यांनी घड्याळ बघितलं. “मी काढून नाही टाकत तिला. तीन महिने मुदत वाढवून घेते. तेवढ्यात तिला जरा बोलतं करा. तुम्हीच करा, तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?”

“मी काय शिकवू तिला?”

“ॲटिट्यूड,” मॅडम म्हणाल्या, आणि यावेळी दोघांपैकी कोणी हसलं नाही.

सुटल्यावर तो फाटकाबाहेर मनोरकडे जाणाऱ्या गाड्या उभ्या राहतात तिथे गेला. सपना एका ईको व्हॅनच्या दारापाशी, सीट भरायची वाट बघत उभी होती. त्यानं सगळं सांगितलं. मॅडमना जूनचं सांगितलं हेही सांगितलं. तिनं ते लक्ष देऊन ऐकलं, मशीनचा आवाज ऐकते तसं, मान थोडी कलती करून.

“म्हंजी तीन महिने,” ती म्हणाली. “जानेवारी संपंल.”

“हां.”

“आनी शिकायचं काय राह्यलं, सर? तेवढं सांगा. मी उद्याच शिकते.”

“बोलायचं. आपण केलेलं आपण सांगायचं.”

“कोनाला?”

“साहेबांना. मॅडमना. सगळ्यांना.”

“एक इचारू? तेव्हाच मी साहेबांना बोलली असती, की मशीन सरांनी नाय, मी थांबवली, तर तुमी काय बोलला असता?”

रामकिसननं खोटं उत्तर शोधलं. एरवी ते सापडायचं. “म्हणालो असतो, ॲटिट्यूड आला हिला.”

सपनाला हसू आलं, मोठ्यांदा, टोपी धरलेला हात तोंडावर नेऊन. ईकोवाला ओरडला, चला बसा, एक सीट. ती बसली, आणि दार ओढून घेण्याआधी म्हणाली, “आयेला आज सांगायला लागंल. ती भांडी काढून ठेवंल मंग.”

आता मांडून बघितलं तर ते असं निघतं. रूपेशनं तक्रारीच्या जोरावर नोकरी मिळवली, त्याला त्यातलं काही ठाऊक नाही, आणि तो अजून ‘येस सर’ म्हणतो. प्रियदर्शिनी मॅडमना पुढल्या शिबिरात सांगायला एक किस्सा मिळाला. नावं गाळून त्या तो छान रंगवतात. रामकिसनच्या स्वतःच्या फॉर्मवर धाडस, प्रामाणिकपणा असं काहीबाही चढलं. सर्टिफिकेट कोणी परत मागितलं नाही, बोर्डावरचा फोटो तर त्याआधीच उतरला होता. परभणीला जाता आलं नाही, एवढंच काय ते त्याचं गेलं, आणि तेही शिकाऊ मुलीला एकटं सोडता येत नाही म्हणून, म्हणजे त्याचंही श्रेय मिळालं. सपनाचे तीन महिने गेले. रोज दुपारी अर्धा तास तो तिला समोर बसवतो, आणि बोल म्हणतो, आणि ती फॉइलबद्दल बोलते. पण भरपाई यांच्यापैकी कोणी केली नाही. ती केली लाडकी वरठानं. भाऊबीज झाल्यावर पाचव्या दिवशी, दोन पातेली, एक तवा आणि गोधडी घेऊन ती मुकादमाच्या टेम्पोत चढली. या सगळ्या प्रकरणातला तो एक शब्द तिनं कधी ऐकला नव्हता. टेम्पोत तिला कोणी तो विचारलाही नाही. जागा होती, आणि हात दोन होते.